वृद्धाश्रमांची पारख

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची मुभा राज्य सरकारांना दिली. सेवेचा दर्जा ठरविणेही त्यांच्याच मर्जीवर सोडले. खाजगी आश्रमांत दरमहा हजारो रुपये भरणारी सुशिक्षित कुटुंबेही बाग आणि फरशी पाहूनच समाधान मानतात! आमच्या मते पाहावयाचे ते निराळेच. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाची कूस दर दोन तासांनी बदलली जाते काय? त्याच्या पाठीस व्रण पडले आहेत काय? रात्री घंटा वाजविल्यास कोण धावून येते? न कळविता जेवणाच्या वेळी जावे. भरविणाऱ्या हाताची घाई लपत नाही. सरकारी तपासनीसांनीही असेच अवचित जावे आणि आपले निष्कर्ष देणगीदारांच्या नामफलकाशेजारीच लावावेत.