मोत्याची बिनपाण्याची

सध्या केज गावात माझी ओळख ‘कुत्रं भादरलेले सर’ अशी आहे. उभं आयुष्य मी या गावात पोरांना गणित शिकवलं. वर्गसमीकरणांनी ज्यांच्या झोपा उडवल्या, ते आज तहसिलात, बँकेत आणि पंचायत समितीत मानानं बसलेले आहेत. पण आता बाजारपेठेतून जाताना त्यांच्यापैकी एकही जण ‘नमस्कार सर’ एवढ्यावर थांबत नाही. ‘नमस्कार सर, केस आले का?’ असं विचारतात. आणि विचारताना माझ्या डोक्याकडे बघत नाहीत, माझ्या पायाशी बघतात.

म्हणून हा खुलासा करतो आहे. गुन्हा मला कबूल आहे. मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात मी एकटा उभा राहणार नाही.

त्याचं असं झालं. चिरंजीवांना कंपनीनं चार महिन्यांसाठी परदेशी पाठवलं, सूनबाईही बरोबर गेल्या आणि त्यांचा कुत्रा पुण्याहून आमच्याकडे केजला आला. त्याचं मूळ नाव ‘स्नोई’. हे नाव आमच्या आळीत दोन दिवससुद्धा टिकलं नाही. शेजारच्या आजींनी त्याचं ‘सोनाई’ केलं, मग कुणीतरी तो नर आहे हे लक्षात आणून दिलं आणि शेवटी सर्वानुमते मोत्या झाला. पांढराशुभ्र, झुबकेदार, तोंडाला कोल्ह्याचं टोक. लोक याला पामेरियन म्हणतात. जाणकार सांगतात की आपल्याकडचे असले बहुतेक पांढरे पामेरियन खरं तर इंडियन स्पिट्झ असतात. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या सिनेमात चिठ्ठी नेऊन देणारा जो टफी होता, तो याच्याच भाऊबंदांतला. या जातीच्या अंगावर दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि खाली मऊ, दाट लोकर. सूनबाईंनी जाताना वहीचं एक पान लिहून दिलं होतं. त्यात पहिली ओळ होती, ‘रोज ब्रश करणे, अगदी कातडीपर्यंत.’ ‘कातडीपर्यंत’ खाली दोन रेघा होत्या.

मी चार दिवस ब्रश केला. पाचव्या दिवशी मोत्यानं दात दाखवले. तेव्हापासून मी वरवर हात फिरवू लागलो. शाळा-तपासणीच्या दिवशी आम्ही मास्तर लोक दर्शनी भिंतीला जसा चुना मारायचो, तसा हा प्रकार. वरून मोत्या चकाचक दिसे. आत काय चाललंय ते मोत्यालाच ठाऊक.

एप्रिलात ऊन चाळिशीच्या वर गेलं. बीड जिल्ह्यातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला अधिक सांगायला नको. सौ.नं दया येऊन मोत्याला आमच्याच साबणानं अंघोळ घातली. आतला गुंता ओला झाला की आणखी आवळतो, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. वास्तविक लोकर भिजवून, चेपून बुरणूस तयार होतो हे मी पोरांना सांगितलेलं आहे. पण कानामागे बुरणूस तयार होत असेल असं कसं वाटावं? माणसाच्या डोक्यात जट झाली की देवीचं नाव सांगून तिला कात्री लावू न देणारे लोक आपल्याकडे अजून सापडतात. मोत्याच्या काखेत, कानामागे, मांड्यांत अशा पाच-सहा जटा निघाल्या, पण कुठलीही देवी जबाबदारी घ्यायला पुढे आली नाही.

केजात जनावरांचा दवाखाना आहे, पण कुत्र्याचे केस करून देणारं दुकान मला काही सापडलं नाही. मी आमच्या नेहमीच्या कारागिराला सहज विचारलं. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, “सर, इतकी वर्षं तुमची करायलो. माझं काही चुकलं का?” तो विषय तिथेच संपला.

शेवटी भाच्याची गाडी काढून एका मोठ्या शहरात गेलो. शहराचं नाव सांगत नाही, दुकानाचं तर नाहीच. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर दरपत्रक. बेसिक, प्रीमियम, स्पा आणि लाल अक्षरात ‘समर कट’. एप्रन घातलेला पोरगा बोलायला मोठा गोड.

“सर, ब्रशिंग रोज करता ना?”

“रोज,” मी म्हणालो.

शून्याला एक म्हणणाऱ्या पोराला ज्यानं बाकावर उभं केलं, त्या गृहस्थाच्या तोंडून हा शब्द इतक्या सहज निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं. पोरानं मोत्याच्या कानामागे बोट घातलं. बोट आत गेलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दरपत्रकाकडे पाहिलं.

“ओके सर. चावतो का?”

“छे, फार गरीब आहे.” माझ्या मनगटावर पट्टी होती. त्यानं ती पाहिली. तरीही “ओके सर.”

“किती ठेवायचे?”

आणि इथे माझ्या गणितानं घात केला. आमच्या कारागिराच्या मशीनला जो प्लास्टिकचा कंगवा लावतात, त्याचा हिशेब सरळ असतो: १ नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर केस राहतात, २ म्हणजे ६, ४ म्हणजे १२. तीनचा पाढा. माझ्या डोक्याला मी चार नंबर मारतो. मोत्याला थोडे मोठे असावेत म्हणून मी मनात तीन दाहे तीस केलं, म्हणजे सव्वा इंच शिल्लक, आणि ऐटीत म्हणालो, “दहा नंबर ठेवा.”

पोरगा आदरानं बघू लागला. “सर, तुम्हाला माहितीये!”

माहिती असल्याचं कुणी म्हटलं की मास्तर माणूस नाकारत नाही. मी नुसता हसलो.

दोन तासांनी आतून जे बाहेर आलं ते मी ओळखलं नाही. तोंडाभोवती आयाळ, शेपटीला गोंडा आणि मधे सोललेल्या मक्याच्या कणसासारखा एक गुलाबी ऐवज. मला वाटलं, दुसऱ्याचा कुत्रा आला. पण तो थेट माझ्या पायात येऊन बसला आणि थरथरू लागला. मग मी त्या पोराची जी बिनपाण्याची केली, ती माझ्या सबंध नोकरीत कुणाची केली नसेल. त्यानं ती निमूटपणे ऐकून घेतली आणि आतून मशीनचं पातं आणून माझ्या हातात ठेवलं. पात्यावर १० कोरलेलं होतं.

कुत्र्यांच्या मशीनला पाती असतात आणि त्यांचा पाढा उलटा असतो. नंबर वाढला की केस कमी राहतात. ४ नंबरला साडेनऊ मिलिमीटर, ७ नंबरला तीन, १० नंबरला दीड. ४० नंबरचं पातं शस्त्रक्रियेच्या आधी जागा साफ करायला वापरतात, पाव मिलिमीटर. देवाची कृपा की मी चाळीस म्हणालो नाही.

“आणि सर,” पोरगा खाली बघत म्हणाला, “मोठं पातं चाललंच नसतं. गुंता कातडीला चिकटलेला होता. त्याच्या खालूनच पातं घालावं लागतं. मला वाटलं, तुम्ही ते बघूनच दहा सांगितलं.”

“मग गुंता आहे हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही रोज ब्रश करतो म्हणालात. तोंडावर खोटं कसं पाडणार?”

नंतर त्यानं मोत्याचा कान उचलून दाखवला. मागे रुपयाएवढी लाल, ओली जखम होती. गुंत्यानं कातडी ओढून ओढून झालेली. तीन आठवडे मोत्या दात दाखवत होता तो या जागेसाठी. मी त्याला चिडका म्हणत होतो.

परत येताना मी गाडीत काही बोललो नाही. भाचा बोलत होता, म्हणजे त्या दुकानाला शिव्या देत होता. गावात आल्यावर बाकीच्यांनी त्यात भर घातली. चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, हे सगळे लुटारू, त्यांना हात धरून वसूल करायला पाहिजे. दुसरा म्हणे, कुत्र्याच्या केसांसाठी हजार-बाराशे देणारालाच भादरायला पाहिजे. मला दोघांशीही भांडायचं आहे.

दुसऱ्या तटाला आधी उत्तर देतो. बाबांनो, हा शौक नव्हे. पूडल किंवा शित्झूसारख्यांचे केस वाढतच राहतात, ते कापले नाहीत तर जनावराला डोळ्यांनी दिसेनासं होतं. पूडलच्या अंगावर ते जे हास्यास्पद गोंडे ठेवतात, तेसुद्धा मुळात थट्टा नव्हती. तो पाण्यात उतरून मारलेली बदकं आणणारा कुत्रा. पोहायला हलका व्हावा म्हणून अंग कापायचे आणि सांध्यांना ऊब राहावी म्हणून गोंडे ठेवायचे. उलट स्पिट्झ, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांना कात्री नको, कंगवा हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घाम काय तो पंजांच्या गाद्यांना, बाकी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. त्याचा दुहेरी कोट जसा थंडी अडवतो तसं ऊनही अडवतो. तो उतरवून ‘आता गार वाटत असेल’ म्हणणं म्हणजे पत्रे काढून घर थंड करणं. आणि एकदा तासलेला हा कोट परत यायला कित्येक महिने लागतात, कधी ठिगळाठिगळांनी येतो, कधी पूर्वीसारखा येतच नाही.

हे सगळं पुस्तकात आहे. पण मला ते आधी कळलं मांजरा धरणाच्या पाण्याकडे मेंढरं घेऊन निघालेल्या एका धनगरबाबांकडून. मोत्याला पाहून ते रस्त्यात थांबले.

“कामून भादरलं हो गुरुजी ह्याला?”

“ऊन फार आहे म्हणून.”

“मेंढराची लोकर वाढतच ऱ्हाती, म्हणून आम्ही कातरतो. ह्याची आपली आपण झडती. अन आम्ही बी कातडीला कात्री टेकू देत न्हाई. आता ह्याला सावलीत बांधा.” आणि जाता जाता, “बोलता येत न्हाई म्हणून काय बी करावं का?”

आता पहिला तट, दुकानदाराला लुटारू म्हणणारा. हे आमच्यातलेच लोक, कुत्रे पाळणारे. आपण त्या पोराला सांगतो काय? ‘थोडे कमी करा.’ ‘छान करा.’ ‘मीडियम ठेवा.’ हे काय माप आहे? शिंप्याला आपण छातीचा इंच देतो, वाण्याकडून पावशेर कमी आलं तर भांडतो. आणि चावणारं, बोलता न येणारं जनावर परक्याच्या हातात देताना मात्र ‘गरीब आहे’ म्हणतो, कारण खरं सांगितलं तर तो जास्त पैसे घेईल किंवा नाही म्हणेल. त्या पोराचे हात मी नंतर नीट पाहिले. दोन्ही हातांवर दातांचे जुने व्रण होते. प्रत्येक व्रणामागे कुणीतरी ‘छे, छे, काही करत नाही’ म्हणणारा असणार.

आणि तो का बोलत नाही, याचा विचार केलाय? आमच्या आजोबांच्या काळी, निजामाच्या राज्यात, नाभिकाला सुगीला बलुतं मिळे. घरातलं प्रत्येक डोकं त्याला पाठ असे, सांगावं लागत नसे. लोक त्याचं फार गोड वर्णन करतात. पण त्याला ‘आज करत नाही’ म्हणायची सोय होती का, हे ते सांगत नाहीत. केस कापणाऱ्यानं मान खाली घालून ऐकायचं, ही आपली जुनी सवय. माणसांच्या दुकानात ती आता मोडली आहे. माझा कारागीर मला तोंडावर सांगतो, “सर, समोर आता काही राहिलं नाही, मागचं कमी करू नका.” मला वाईट वाटतं, पण मी ऐकतो. कुत्र्यांच्या दुकानात मात्र आपण पुन्हा पाटील होऊन शिरतो आणि समोरचा ‘ओके सर’ म्हणतो.

त्या ‘ओके सर’ला मात्र मी माफ करणार नाही. बाबा रे, तुझं बोट अडकलं तिथेच तू माझा हात धरून ते बोट तिथे लावायला हवं होतंस. ‘हे सुटणार नाही, कापावं लागेल, इतकं राहील,’ असं तांदळाचा दाणा दाखवून सांगायला हवं होतंस. पाचजणांसमोर मी खोटा पडलो असतो. पडू द्यायचं होतंस! मी चार तास रागावलो असतो. मोत्या चार महिने उघडा हिंडतो आहे. आणि ते लाल अक्षरातलं ‘समर कट’ पुसून टाक, किंवा निदान कुठल्या कुत्र्यासाठी ते खाली लिही.

सध्या मोत्या नातवाचं जुनं झबलं घालून ओसरीवर असतो. जखम भरली आहे. पाठीवर मधे थोडं पांढरं दिसू लागलं आहे, डाव्या बाजूला अजून काही नाही. परवा रात्री सूनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. केजचं नेटवर्क त्या रात्री नेमकं उत्तम होतं.

“बाबा, स्नोईला रोज ब्रश करता ना?”

“नाही,” मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

“किती कापले?” तिनं शेवटी विचारलं.

“दीड मिलिमीटर.”

“कापले दीड, की ठेवले दीड?”

पोरगी हुशार आहे. मी फोन मोत्याकडे वळवला.