मुहूर्तपिलर कोण रोवणार?

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण गाड्या काढून धर्मापुरीला गेलो होतो. केदारेश्वराचं मंदिर बघायचं, फोटो काढायचे, येताना कुठंतरी भजी खायची, एवढाच प्लॅन. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं हे मंदिर. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघून आमचा मोबाइल काही खिशात जाईना. आत मंडपात आल्यावर एक मैत्रीण दुसरीला म्हणाली, "जरा त्या पिलरला टेकून उभी राहा ना, भारी येईल फोटो."

शेजारी एक आजी वाती लावत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "पिल्लर कुठाय बाई इथं? हे तर खांब हायेत."

आम्ही हसलो. आजी काही हसल्या नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

परत येताना मी डोक्यात मोजत होतो. सकाळी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये गाडी पिलरला घासली. मामाच्या जुन्या घरातला सागवानी पिलर वाळवीनं खाल्लाय. गल्लीतल्या मांडवाचा पिलर हलायलाय. आणि आता हे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं दगडी काम, तेही पिलर! काँक्रीट, सागवान, बांबू, पाषाण, सगळ्यांना एकच शब्द.

आता कुणी म्हणेल, हा इंग्रजीच्या नावानं बोटं मोडणारा आणखी एक लेख. तसं नाही. गावात नवं घर बांधायला निघतं तेव्हा गुत्तेदार सांगतो, "उद्या कॉलम भरायचेत." त्याला मी "स्तंभ म्हणा" असं सांगायला जाणार नाही. गज, सिमेंट, सेंट्रिंग, स्लॅब हे तंत्रच नवं आहे आणि ते येताना आपले शब्द घेऊन आलं. शब्द असेच येतात. 'इमारत' आणि 'दरवाजा' फारसीच्या वाटेनं आले, 'मिस्त्री' पोर्तुगिजांकडून आला. आज त्यांना परका म्हणणारा मराठी माणूस दाखवा.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण जो 'पिलर' वापरतो, तो धड इंग्रजीही नाही. सिव्हिलच्या कुठल्याही मित्राला विचारा. काँक्रीटच्या कामासाठी आपल्याकडे आयएस ४५६ नावाची संहिता आहे. ती म्हणते, दाब सोसणाऱ्या उभ्या भागाची परिणामी लांबी त्याच्या सर्वांत कमी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल, तर त्याला कॉलम म्हणायचं. तेवढी नसेल तर तो पेडेस्टल. पुलाखाली उभा असतो तो पियर, तारा वाहतो तो पोल, कुंपणाला असतो तो पोस्ट, तात्पुरता टेका म्हणजे प्रॉप. इंग्रजीनं इतकी काळजी घेतली आणि आपण त्यातला एक शब्द उचलून सगळीकडे ठोकला. म्हणजे मराठी सोडली आणि इंग्रजीही नीट धरली नाही.

आणि सोडलं ते काय? जरा बघा. घराचं किंवा देवळाचं ओझं घेऊन कायमचा उभा असतो तो खांब. मांडवासाठी किंवा खळ्याच्या मधोमध जमिनीत रोवतात ती मेढ. पडायला आलेल्या भिंतीला किंवा फळांनी वाकलेल्या फांदीला खालून देतात तो टेकू. वेलाला चढायला देतात तो धिरा. विजेच्या खांबाला काही भागांत आजही डांब म्हणतात. जुन्या घरात लाकडी खांब थेट मातीत पुरत नसत, ओल लागून कुजू नये म्हणून खाली घडीव दगड ठेवत, तो तळखडा. देवळातल्या खांबाच्या माथ्यावर हात वर करून छत तोलणारी ती बुटकी, गुबगुबीत माणसं म्हणजे कीचक. 'पिलर' म्हटलं की डोळा तिथंच थांबतो. कीचक हा शब्द माहीत असला, तर तुम्ही मान वर करून त्याला शोधता.

हा नुसता शब्दांचा लाड नाही. आपल्या भागात एका शब्दाची किंमत फार मोठी आहे. तो शब्द म्हणजे 'खण'. खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. पूर्वी मराठवाड्यात घर किती मोठं, हे स्क्वेअर फुटात नाही, खणांत सांगत. खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकडं आणि वर मातीचं माळवद. भिंती जाडजूड दगडमातीच्या, पण पक्क्या घरात माळवदाचं ओझं पेलायचा तो खांब-तुळयांचा सांगाडा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. हजारो माणसं गेली. आपल्यापैकी कुणाचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण घरोघरी त्याच्या आठवणी आहेत. नंतर अभ्यासक आले, त्यांनी पडलेली आणि उभी राहिलेली घरं तपासली. अनेक ठिकाणी दगडी भिंती ढासळल्या, पण चांगला बांधलेला लाकडी सांगाडा उभा राहिला, असं त्यांना दिसलं. त्यांच्या इंग्रजी अहवालांत या घरांसाठी आपला 'खण' हाच शब्द रोमन लिपीत आला. जगभरातले भूकंपतज्ज्ञ तो शब्द वाचतात, आणि आपल्या वर्गात "खण म्हणजे काय?" असं विचारलं तर निम्मी पोरं टेबलाचा ड्रॉवर सांगतील, निम्मी ब्लाऊजचं कापड.

भूकंपानंतर दगडमातीवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि काँक्रीटचे कॉलम आले. ते यायलाच हवे होते. पण त्यांच्यासोबत जुन्या सांगाड्याची समजही आपण भंगारात काढली. सागवानी खांब विकले गेले, त्यांचे शब्द मात्र कुणी फुकटही नेले नाहीत.

गंमत म्हणजे मराठी शब्द आपण एका ठिकाणी फार जपलाय, फ्लेक्सवर. चौकात बघा, प्रत्येक बॅनरवर कुणीतरी कुणाचा तरी 'आधारस्तंभ' आहे. तिथं कुणी 'सपोर्ट पिलर' लिहीत नाही. म्हणजे नेत्यासाठी स्तंभ आणि घरासाठी पिलर. मराठी नुसती मिरवायला उरली, वापरायला नाही. भाषेचं खरं दुखणं हेच आहे.

काही ठिकाणी मात्र पिलरची डाळ शिजत नाही. अंबाजोगाईच्या सकलेश्वर मंदिराला लोक 'बाराखांबी' म्हणतात, त्याचं 'बारापिलरी' करून बघा. पंढरपुरात वारकरी गरुडखांबाला मिठी मारतो. नरसिंह खांबातून प्रगटला. मल्लखांब तर नाव न बदलता परदेशात गेला. आणि लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ रोवतात ती मुहूर्तमेढ. आज कंपनी काढली, वाचनालय उघडलं, तरी आपण 'मुहूर्तमेढ रोवली' असंच लिहितो. पण मेढ म्हणजे नेमकं काय, हे त्या लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असतं का?

म्हणून मित्रांनो, शपथ वगैरे काही घेऊ नका. काँक्रीटच्या कॉलमला बिनधास्त कॉलम म्हणा. फक्त लाकूड, दगड, बांबू समोर आला की एक क्षण थांबून आठवा, याला आपल्याकडे काय म्हणतात? आठवत नसेल तर घरी विचारा. सिव्हिल आणि आर्किटेक्चरवाल्यांनी तर सुटीत गावातलं एखादं उभं असलेलं माळवदाचं घर गाठावं, त्याचा नकाशा काढावा आणि प्रत्येक भागाचं नाव घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्यावं. इंटरनेटवर ही यादी अशी सहज सापडणार नाही. ती ज्यांच्या तोंडी आहे, ती माणसं सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत.

धर्मापुरीला मी नंतर एकटा पुन्हा गेलो. त्या आजी भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर विचारणार होतो, खांबाच्या खालच्या दगडाला तुमच्या घरी काय म्हणायचे? आता हाच प्रश्न मी माझ्या आजीला विचारलाय. उत्तर द्यायला तिनं अर्धा तास घेतला, आणि त्यात अख्खं घर बांधून दाखवलं.