एका नोंदीला एकच कप्पा कशासाठी?

ग्रंथालयाचे संगणकीकरण निघाले की पहिल्याच बैठकीत कोणीतरी वर्गवारीचा भलामोठा वृक्ष काढून आणतो. साहित्य, त्याखाली ललित, त्याखाली निबंध. नियम असा की प्रत्येक पुस्तक एकाच फांदीला टांगायचे. समर्थकांचे म्हणणे, पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहते, मग नोंदीला दोन जागा कशा? युक्तिवाद फळीपुरता खरा आहे. डेटाबेसमध्ये फळी नसते.

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ घ्या. महाभारतावरचे म्हणून ते धर्म-पुराणांत ठेवायचे, व्यक्तिरेखांची चिकित्सा म्हणून समीक्षेत, की समाजशास्त्रात? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. एकच निवडले की उरलेल्या दोन वाटांनी येणारा वाचक रिकाम्या हाताने परततो.

मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत २२० ते २८० हे सगळे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माला गेले. जगातल्या बाकी धर्मांची सोय २९० मध्ये. इंग्रजी साहित्याला अख्खे ८२०, मराठी साहित्याला पुढे जागा मिळाली ती ८९१.४६ वर. याला पक्षपात म्हणून मोकळे होता येईल, पण पक्षपात काढला तरी अडचण उरते: कोणता प्रश्न आधी विचारायचा हे वृक्ष एकदाच ठरवतो आणि नंतर बदलू देत नाही. एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात नेमके हेच दाखवले. सुटे भाग आणि प्रकल्प यांची साधी माहिती पाच वेगवेगळ्या वृक्षांत मांडता येते, आणि एका मांडणीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर अडतो. कॉड नोकरीला होते आयबीएममध्ये, जिची आयएमएस ही प्रणाली वृक्षरचनेवरच उभी होती!

आपल्याकडे तर याचे उत्तर ३७ वर्षे आधीच तयार होते. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल आणि मूळचे गणिताचे अध्यापक शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे केले आणि जोडून क्रमांक बनवला. फळीसाठी त्यांनाही शेवटी एकच क्रमांक द्यावा लागे. आपल्यावर ती सक्ती नाही.

दुसऱ्या टोकाला श्रेणीच नको म्हणणारे आहेत. टॅग लावा, शोध घ्या, झाले. हे मराठीत चालवून पाहावे. एकाने ‘कथा’ लिहिले, दुसऱ्याने ‘लघुकथा’, तिसऱ्याने ‘कथासंग्रह’. यंत्राला तिन्ही परकी. कोकणावरचे काही मागितले तर सिंधुदुर्गावरचे पुस्तक यायला हवे, आणि ते नाते कुठेतरी मांडल्याशिवाय येणार नाही. तेव्हा श्रेणी हवी, पण एक खोल वृक्ष नको. विषय, स्थळ, काळ, साहित्यप्रकार यांचे आखूड, वेगवेगळे वृक्ष हवेत आणि नोंद व वर्ग यांना जोडणारा स्वतंत्र तक्ता हवा, म्हणजे एक नोंद हव्या तितक्या वर्गांना जोडता येते.

यात एक पथ्य मात्र कडक पाळावे. वर्गाचा ओळख-क्रमांक निरर्थक असावा. नाव किंवा वंशावळ त्यात कोंबू नये. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. जिल्ह्याचा क्रमांक तालुक्याच्या क्रमांकात गुंफलेला असेल तर एका शासननिर्णयासरशी हजारो नोंदी दुरुस्त करत बसावे लागते. पालक कोण, हे वर्गाच्या स्वतःच्या ओळीत लिहिले की बदल फक्त वर्गांच्या तक्त्यात होतो, पुस्तकांच्या नोंदींना हातही लागत नाही. अशी रचना वर-खाली चाळणे अवघड, ही तक्रार शिळी आहे. पुनरावर्ती क्वेरी एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात आली, मायएसक्यूएलमध्येही २०१८ पासून आहे.

बेरीज जुळत नाही, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. तीन वर्गांत मोजलेले पुस्तक एकूण आकडा फुगवते. म्हणूनच सरकारी हिशेबाची सहा पातळ्यांची लेखाशीर्षे एकाच वृक्षात आहेत, आणि तिथे तेच योग्य: रुपया एकदाच खर्च होतो. पुस्तकाचे तसे नाही. अहवालासाठी एक प्रमुख वर्ग ठरवावा, तो वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि शोधाच्या वाटेत येऊ देऊ नये.

आणि कोणाच्याही रचनेत ‘इतर’ हा वर्ग सगळ्यांत मोठा झाला असेल, तर आधी तो उघडून आत काय साचले आहे ते पाहावे.