टर्कीची टेहळणी आणि गोचिडाचा हंगाम

मार्चमध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आणि एप्रिल-मेपर्यंत उत्तरेकडे रानटी टर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम सुरू होतो. परवाना काढलेले लाखो शिकारी ठरलेल्या तारखांना रानात उतरतात. बहुतेक राज्यांत छातीवर दाढीसारखा झुपका असलेलाच पक्षी, म्हणजे सहसा नर, मारण्याची परवानगी असते. हा पक्षी कमालीचा सावध आहे. त्याची नजर तीक्ष्ण असते आणि जरा हालचाल झाली तरी तो निसटतो. म्हणून शिकारीचे खरे काम हंगामाच्या काही आठवडे आधीच सुरू होते. त्या कामाला टेहळणी म्हणतात.

टेहळणी करणारा पहाटे अंधारात रानात जातो. टर्की रात्री उंच झाडावर झोपते आणि उजाडताना नर तिथूनच आरव देतो. घुबडासारखा किंवा कावळ्यासारखा आवाज काढला तरी नर उत्तर देतो, त्यामुळे कळप कुठे आहे ते कळते. पुढे जमिनीवरच्या खुणा पाहायच्या असतात. पाचोळा उकरलेला कुठे दिसतो, धुळीत अंघोळ कुठे झाली आहे, पायाचे ठसे केवढे आहेत, हे सारे टिपायचे. विष्ठेवरूनही अंदाज येतो. नराची बहुधा इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली असते, मादीची गोळ्यासारखी. पक्षी कोणत्या झाडावर झोपतो, खाली कुठे उतरतो, कोणत्या मोकळ्या जागी पिसारा फुलवतो आणि किती वाजता, असे पक्ष्याचे पूर्ण वेळापत्रक वहीत उतरते.

हे सगळे करताना माणूस पाचोळ्यातून चालतो, वाकतो, गुडघे टेकतो आणि झाडाला पाठ लावून तास-दोन तास न हलता बसतो. हातात बंदूक नसल्याने हा काळ निर्धोक समजला जातो. पण त्याच पाचोळ्यात, त्याच आठवड्यांत दुसऱ्या एका जिवाचा हंगाम सुरू झालेला असतो. तो जीव म्हणजे गोचीड.

एकाच जंगलाची दोन फळे

टर्की आणि गोचीड एकत्र भेटतात, यामागे इतिहास आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे १९३०च्या दशकात अमेरिकेत रानटी टर्की जेमतेम दोन लाखांच्या आसपास उरल्या होत्या. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. पाळीव पद्धतीने वाढवलेले पक्षी रानात टिकेनात, तेव्हा रानातलेच पक्षी जाळी टाकून पकडून दुसऱ्या रानांत सोडण्यात आले. आज त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात असून अलास्का सोडून सर्व राज्यांत ते आढळतात. काही राज्यांत ती पुन्हा घटत असल्याची चिंता असली, तरी वन्यजीव संवर्धनातील मोठ्या यशांत याची गणना होते.

ईशान्येकडील राज्यांत याच काळात सोडून दिलेल्या शेतजमिनींवर पुन्हा जंगल वाढले आणि हरणेही परतली. प्रौढ गोचिडांचे मुख्य अन्न म्हणजे हरणाचे रक्त. त्यामुळे जंगलासोबत गोचीडही परतला. पुढे त्याच जंगलाच्या कडेला माणसांनी घरे बांधली.

दोन गोचीड, दोन आजार

पहिला काळ्या पायांचा गोचीड. त्याच्यामुळे लाइम आजार होतो. कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात १९७०च्या दशकात मुलांमध्ये सांधेदुखीची साथ दिसली, त्यावरून हे नाव पडले. या गोचिडात जंतू येतात ते प्रामुख्याने रानउंदरांकडून. प्रौढ गोचीड वसंतात दिसतात, तर अर्धवट वाढलेले, खसखशीच्या दाण्याएवढे गोचीड मे ते जुलैमध्ये सर्वाधिक असतात. चावल्याचे कळतही नाही, म्हणून धोका जास्त. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या अंदाजानुसार, तिथे दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे निदान होऊन उपचार होतात. वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो. उशीर झाला तर सांधे, हृदय आणि मज्जातंतू यांना त्रास होतो.

दुसरा 'लोन स्टार' गोचीड. याच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. तो केवळ गवतावर बसून वाट पाहत नाही, तर माणसाकडे चालतही येतो. त्याची पिल्ले टर्कीच्या अंगावर इतकी आढळतात की काही भागांत त्याला 'टर्की टिक' असेच म्हणतात. याच्या चाव्यामुळे होणारा विकार विचित्र आहे. गाय, डुक्कर, मेंढी, बकरी अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसात ती नसते. गोचिडाच्या लाळेतून ती शरीरात गेली की काही जणांचे शरीर तिला शत्रू मानू लागते. पुढे मांस खाल्ले की अंगावर गांधी उठतात, पोटात मुरडा येतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. जिलेटिन किंवा दुधाचे पदार्थही काहींना सोसत नाहीत. पक्ष्यांत ही साखर नसते. त्यामुळे या गोचिडाने ज्याला गाठले त्या शिकाऱ्याला हरणाचे मांस बंद होते, टर्की मात्र चालते.

हा विकार उजेडात आला तो कर्करोगाच्या एका औषधामुळे. सेटुक्सिमॅब दिल्यावर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनातील रुग्णांना तीव्र अॅलर्जी होत असे, इतरत्र फारशी नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातील डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या चमूने २००८मध्ये याचे मूळ अल्फा-गॅलमध्ये असल्याचे दाखवले आणि मग गोचिडाचा धागा सापडला. २०२३मध्ये सीडीसीने म्हटले की २०१०पासून साडेचार लाखांपर्यंत लोक बाधित झाले असू शकतात. त्याच वर्षीच्या एका पाहणीत ४२ टक्के आरोग्य व्यावसायिकांनी या विकाराचे नावही ऐकले नव्हते. निदान हुकण्याचे मोठे कारण वेळेत आहे. त्रास जेवणानंतर दोन ते सहा तासांनी होतो. रात्री आठला मटण खाल्ले आणि मध्यरात्री अंगभर गांधी उठल्या, तर संशय मटणावर जात नाही. महिन्यापूर्वीच्या गोचिडावर तर मुळीच नाही.

टेहळणीचा धडा

शिकारी पक्ष्याची जागा, वेळ आणि सवय आधी ओळखतो, मगच रानात शिरतो. संसर्गजन्य आजारांत आपण सहसा उलट करतो. पहिला रुग्ण दगावतो, बातमी येते आणि मग फवारणी सुरू होते. गोचिडाचेही वेळापत्रक ठरलेले आहे. तो उडत नाही, उडी मारत नाही. पाचोळ्यातून, गवतातून तो पायाला लागतो आणि वर चढतो. लाइमचे जंतू शरीरात जाण्यासाठी बहुधा २४ तासांहून अधिक काळ तो चिकटून राहावा लागतो. म्हणजे संध्याकाळी घरी येऊन अंग नीट तपासणे हाही मोठा बचाव आहे.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. आपल्याकडचे कितीतरी आई-वडील एप्रिल-मेमध्ये मुलांकडे न्यू जर्सी, व्हर्जिनियाला जातात आणि घरामागच्या रानवाटेवर रोज फिरतात. त्यांनी मोज्यांत खोचलेली पूर्ण विजार घालावी, अंगाला गोचीडरोधक मलम लावावे आणि परतल्यावर काखा, जांघ, गुडघ्यामागचा भाग व केसांची मुळे तपासावीत. कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटे फिरवले की त्यांतले गोचीड मरतात. गोचीड चिकटलेला दिसला तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावा. तेल, रॉकेल, जळती काडी असले उपाय करू नयेत. भारतात परतल्यावर ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा आला, तर आपण कुठे फिरलो होतो ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

आणि आपला स्वतःचा गोचीड तर सिंधुदुर्गातच आहे. १९५७मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात सापडलेला विषाणू, ज्याला आपण माकडताप म्हणतो, गेल्या दशकात गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग, सावंतवाडी या तालुक्यांत आला. त्याचाही हंगाम ठरलेला आहे. पावसाळा सरला की गोचिडांची पिल्ले वाढू लागतात आणि डिसेंबर ते मेमध्ये रुग्ण दिसतात. नेमक्या याच महिन्यांत माणसे पातेरा गोळा करायला, सरपणाला आणि काजूच्या बिया वेचायला रानात जातात. अचानक चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव आणि शंभरातील तीन ते पाच रुग्णांचा मृत्यू, असा हा आजार आहे. त्यावर नेमके औषध नाही.

इथली टेहळणी म्हणजे मेलेल्या माकडाची खबर. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड आसपास पसरतात आणि ती जागा धोक्याची होते. अशा माकडाला हात न लावता वन किंवा आरोग्य विभागाला तातडीने कळवले, तर तिथे कीटकनाशक भुकटी टाकता येते आणि वाडीला सावध करता येते. डीआरडीओने विकसित केलेले डेपा हे गोचीडरोधक तेल उपलब्ध आहे, पण ते बागायतदाराच्या आणि मजुराच्या हातात काजूचा हंगाम लागण्यापूर्वी पोचले पाहिजे. एप्रिलमध्ये रुग्ण वाढल्यावर पोचलेले तेल त्या वर्षापुरते उशिराचेच असते.

म्हणून सिंधुदुर्गातील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी माकडतापाचे काम नोव्हेंबरात सुरू करावे. गेल्या पाच वर्षांतील रुग्णांच्या वाड्या आणि माकडे मेलेल्या जागा एका नकाशावर मांडाव्यात आणि आशाताईंकडे तेल आधी पोचवावे. काजूबागेत जाणाऱ्या प्रत्येक घरात एक सवय लागावी, की रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि अंग तपासणे झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. गावात माकड मेलेले दिसले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला फोन करावा.