विश्लेषण : मुलांच्या संधिवाताचा हृदयाशी संबंध काय?

संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, हा समज घट्ट आहे. त्यामुळे मूल सकाळी लंगडत उठले, तर ‘खेळताना लागले असेल’ म्हणून विषय संपतो. पण लहान मुलांचा संधिवात काही वेळा हृदयापर्यंत पोहोचतो. शाळेतील सरकारी तपासणीच्या यादीत मात्र तो स्वतंत्रपणे नाही.

हा आजार नेमका कोणता?

वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे कारण न सापडलेला संधिवात म्हणजे ‘जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थरायटिस’ (जेआयए). सांधा सुजतो, सकाळी आखडतो. याच्या ‘सिस्टेमिक’ प्रकारात किमान दोन आठवडे ताप येतो, तो रोज चढतो-उतरतो आणि अंगावर फिकट गुलाबी पुरळ दिसते.

हृदयावर परिणाम कसा होतो?

धोका मुख्यतः सिस्टेमिक प्रकारात असतो. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन पाणी साचू शकते; क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. छातीत दुखते, धाप लागते. काही मुलांना मात्र काहीच जाणवत नाही आणि बदल फक्त इको तपासणीत दिसतो. हृदय रक्त किती ढकलते हे सांगणारा ‘इजेक्शन फ्रॅक्शन’चा आकडा नॉर्मल असूनही, दोन ठोक्यांदरम्यान हृदय सैल होऊन रक्त भरून घेण्याची क्रिया किंचित मंदावल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. हा लगेच हृदयविकार ठरत नाही. पण औषधे मध्येच सोडू नयेत, यासाठी हे कारण पुरेसे आहे.

गोंधळ कुठे होतो?

सांधे आणि हृदय दोन्हींना गाठणारा दुसरा आजार म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर. घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी तो उद्भवतो. यात दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. त्यावर अनेक वर्षे ठरावीक अंतराने पेनिसिलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात. जेआयएमध्ये सूज एकाच सांध्यात आठवडेच्या आठवडे राहू शकते आणि पेनिसिलिनचा उपयोग होत नाही; तिथे मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक औषधे लागतात. निदान चुकले, की उपचारही चुकतात आणि वेळ जातो.

शाळेच्या तपासणीत काय सुटते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी अपेक्षित आहे. मूळ ३० आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे, जेआयए नाही. शिवाय सकाळी आखडलेला सांधा दुपारपर्यंत मोकळा होतो. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाला तो दिसेलच असे नाही.

मीरा-भाईंदरच्या पालकांनी काय करावे?

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. तरी मुलांच्या विशेष उपचारांसाठी अनेक कुटुंबे लोकल पकडून परळचे वाडिया किंवा केईएम रुग्णालय गाठतात. ती खेप वाया जाऊ नये म्हणून तापाच्या वेळा लिहून ठेवाव्यात. पुरळ आणि सकाळची सूज यांचे फोटो काढावेत. जेआयएचे निदान झाल्यास इको लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. डोळ्यांची तपासणीही टाळू नये, कारण त्यांतील सूज अनेकदा न दुखता वाढते. धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर थांबू नये.