सर्टिफिकेट वाटप पुरे, आता कामाचे बोला!

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या सभागृहात प्रमाणपत्र वितरणाचा समारंभ थाटात पार पडला. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, सगळे यथासांग झाले. प्रमुख पाहुण्यांनी ‘युवाशक्ती’ हा शब्द अकरा वेळा उच्चारला. तीन महिन्यांचा मोफत संगणक वर्ग पूर्ण केलेल्या बत्तीस मुलामुलींनी व्यासपीठावर येऊन प्रमाणपत्रे घेतली, फोटो निघाले, बटाटेवडा आणि चहा झाला. पायऱ्या उतरताना त्यातल्या एकाला मी विचारले, ‘‘काय बाळा, आता पुढे काय?’’ तो म्हणाला, ‘‘बघू काका, आता टॅलीचा वर्ग लावतो.’’ हा त्याचा तिसरा वर्ग होता. वय सव्वीस, प्रमाणपत्रे तीन, नोकरी नाही.

त्याच आठवड्यात काही कामानिमित्त मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत जाणे झाले. तेथील एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात माझी चौतीस वर्षे गेली, त्यामुळे चहाच्या टपरीवरचे लोक अजून ओळखतात. त्या एका रस्त्यावर पाच कारखान्यांच्या फाटकांवर ‘जोइए छे’च्या पाट्या लटकत होत्या. टिग वेल्डर जोइए छे. फिटर जोइए छे. व्हीएमसी ऑपरेटर जोइए छे. माझ्या जुन्या सहकाऱ्याने सांगितले की त्याच्या फाटकावरची पाटी चार महिने उतरलेली नाही. वेल्डर शेवटी बिहार आणि उत्तर प्रदेशातून आले. त्यांचे मी स्वागतच करतो, ते हातात कसब घेऊन आले आहेत. पण मंडळाच्या पायरीपासून त्या फाटकापर्यंत अंतर सात-आठ किलोमीटरचे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय?

सुजाण वाचकहो, ‘बडोद्यात नोकऱ्याच नाहीत’ हे वाक्य आपण प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. आपण ज्या नोकऱ्या शोधतो त्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यांचे शिक्षण आपण मुलांना देत नाही.

आधी बाजार काय मागतो ते पाहू. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचे जाळे आहे. कोयाली येथे १९६५ पासून रिफायनरी आहे, नंदेसरीला रसायनांचे कारखाने आहेत, पाद्र्याकडे औषधांचे आहेत. सावलीला मेट्रोचे डबे बनतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर टाटा आणि एअरबसच्या विमान कारखान्याचे उद्घाटन झाले. हवाई दलासाठीच्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० येथे जोडली जाणार आहेत. या सर्वांना टेबलावर बसून टंकलेखन करणारे किती लागतील? फार थोडे. त्यांना लागतो रसायन कारखान्याचा ‘एओसीपी’ झालेला ऑपरेटर, जो व्हॉल्व्ह, पंप, रिअ‍ॅक्टर ओळखतो आणि रात्रपाळीत दाब वाढला तर काय करायचे ते जाणतो. त्यांना लागतो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. त्यांना लागतो ‘सिक्स-जी’ची परीक्षा उतरलेला वेल्डर, म्हणजे पंचेचाळीस अंशात तिरका पक्का बसवलेला पाइप न फिरवता, स्वतः त्याच्याभोवती फिरून सगळीकडून जोडणारा, आणि जोड क्ष-किरणाखाली धरला तरी निर्दोष निघावा असा. त्यांना लागतात कॉइल वाइंडिंग करणारे निगुतीचे हात. आमच्या कारखान्यात हे काम मुली उत्तम करीत, पुरुषांपेक्षा कमी कॉइल नापास होत.

आता आपण काय शिकवतो? बेसिक कॉम्प्युटर, डीटीपी, टॅली, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ आणि इंग्रजी संभाषण. यातले एकही वाईट नाही. पण हेच का शिकवतो, याचे उत्तर कोणी देत नाही, म्हणून मी देतो. कारण ते स्वस्त आहे. एक खोली, दहा संगणक, एक शिक्षक, झाला वर्ग. वेल्डिंग शिकवायचे तर यंत्रे हवीत, गॅस हवा, रॉड हवेत, धूर बाहेर काढायची सोय हवी, आणि मुलांनी जोडून तोडून फेकलेले लोखंड रोज नवे आणावे लागते. जिथे पैसा डोकी मोजून मिळतो तिथे संस्था सर्वांत स्वस्त वर्गच उघडणार. हा त्या संस्थेचा हिशोब आहे, त्यात मुलाचा हिशोब कुठेच नाही.

हे केवळ आपल्या मंडळाचे दुखणे नाही. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली आणि पहिल्याच वर्षी २४ लाखांचे लक्ष्य ठरले. शारदाप्रसाद समितीने २०१६ च्या पुनरावलोकनात स्पष्ट म्हटले की उद्दिष्टे गरज न तपासता फुगवलेली आहेत. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून प्रमाणपत्र मिळालेल्या शंभरांतील सुमारे ४१ जणांनाच काम मिळाल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे केंद्र सरकारही प्रमाणपत्रे मोजत बसले आणि आपले मंडळही. दोघांनाही फोटो हवा होता.

माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगतो. अशाच एका केंद्रात त्याने ‘रिटेल सहायक’ हा अभ्यासक्रम केला. तीन महिन्यांत त्याला एकदाही दुकानात उभे केले नाही. शेवटी नेमणूक म्हणून एका मॉलमध्ये पाठवले, पंचेचाळीस दिवसांनी घरी पाठवले. केंद्राच्या वहीत मात्र ‘रोजगार मिळाला’ अशी नोंद झाली. तो मुलगा आज घरात बसून आहे आणि स्वतःला नालायक समजतो. त्याला नालायक कोणी ठरवले? त्याने तर जे शिकवले ते सगळे शिकले होते!

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ, तर ते अप्रामाणिकपणाचे ठरेल. अर्धा दोष आपल्या घरात आहे. आपले पूर्वज गायकवाडांच्या पदरी आले. कोणी शिलेदार, कोणी दरकदार, कोणी फडावरचे कारकून. १९४९ साली संस्थान विलीन झाले, पण आपल्या मनातली चाकरी विलीन झाली नाही. संस्थानानंतर बँक, रेल्वे, विद्यापीठ, रिफायनरी, आयपीसीएल अशी आपली माणसे लागत गेली. कायम नोकरी, कॉलनीतले घर, शेवटी पेन्शन किंवा फंड. तो दरवाजा आता किलकिलाच राहिला आहे. आयपीसीएलचे तर २००२ साली खासगीकरण झाले आणि २००७ साली ती रिलायन्समध्ये विलीनही झाली. तरी आपण मुलाला अजून सांगतो, ‘बीकॉम कर, कुठेतरी चिकटशील.’ कुठे चिकटणार? भिंतच राहिली नाही!

आणि ज्याचे हात काळे होतात त्याला आपण मुलगी देत नाही, हेही एकदा उघड बोलून टाकू. आयटीआय केलेला, सावलीला फिटर म्हणून काम करणारा मुलगा स्थळ म्हणून सांगितला, तर रावपुऱ्यातल्या एका घरात मला उत्तर मिळाले, ‘‘शिक्षण काही विशेष नाही म्हणायचे!’’ तोच मुलगा आज त्या घरातल्या पदवीधर मुलापेक्षा जास्त पगार आणतो. मग आमच्या मुलांनी कोणाच्या लाजेखातर तिसरे आणि चौथे प्रमाणपत्र घ्यायचे?

गंमत अशी की हाताच्या विद्येला प्रतिष्ठा देण्याचे काम या देशात फार आधी याच गावाने केले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडून कलाभवन उभे करवून घेतले. गज्जर रंगरसायनाचे जाणकार. अहमदाबाद-मुंबईच्या गिरण्यांना रंगारी हवे होते, म्हणून कलाभवनात रंगकाम शिकवले गेले. यंत्रकाम, विणकाम, सुतारकाम, छायाचित्रण हेही होते. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचे मूल अडू नये, त्याला देशी भाषेतून शिकवावे, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात छायाचित्रणाचे तंत्र शिकले. आणि १९०७ साली अलेंबिक निघाली, तिच्या संस्थापकांत गज्जर आणि भाईलाल अमीन यांच्या बरोबरीने कोटिभास्कर हे आपले मराठी नाव आहे. दरवर्षी महाराजांच्या जयंतीला आपण पुतळ्याला हार घालतो. त्यांनी आधी गिरणीची गरज पाहिली, मग वर्ग काढला. आपण आधी वर्ग काढतो आणि गरज पाहतच नाही.

यावर काही आक्षेप मला आत्ताच ऐकू येतात. पहिला: ‘मग आपली मुले मजूरच व्हायची का?’ मजुरी आणि कसब यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने एकदा व्हीएमसी यंत्रासमोर उभे राहून ड्रॉइंग वाचून दाखवावे. दुसरा: ‘कारखाने ठेकेदारामार्फत घेतात, पिळवणूक होते.’ हा आक्षेप खरा आहे. पिळवणूक होते, बारा तास राबवतात, फंड भरत नाहीत. पण ज्याच्या हाताला पर्याय नाही त्याचीच सर्वांत जास्त पिळवणूक होते. सिक्स-जीचा वेल्डर ठेकेदाराला सोडून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातो, डेटा एंट्रीवाला जाऊ शकत नाही. तिसरा: ‘उद्या यंत्रमानवच सगळे करतील.’ करतील तेव्हा करतील. सध्या संगणकाने आधी टेबलावरचेच काम खाल्ले आहे, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आता काय करायचे? केवळ टीका करून मी थांबणार नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी पुढील ठराव मांडणार आहे, सभासदांनी त्यावर विचार करून यावे.

एक, यापुढे मंडळाचा एकही प्रशिक्षण वर्ग किमान तीन कारखानदारांच्या लेखी मागणीशिवाय सुरू होणार नाही. किती माणसे, कोणते काम, सुरुवातीचा पगार किती, हे त्या पत्रात हवे.

दोन, वेल्डिंगची यंत्रे विकत घेण्याची आपली ऐपत नाही आणि गरजही नाही. गोरवा आणि तरसालीच्या आयटीआय सरकारने बांधून ठेवल्या आहेत. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाचे अर्ज भरून देण्यासाठी मंडळात टेबल मांडावे. फिटर, इलेक्ट्रिशियन, एओसीपी यांना दोन वर्षे लागतात, वेल्डरला एक. शिष्यवृत्ती निधीतील निम्मी रक्कम या मुलांसाठी राखून ठेवावी. आजवर त्या निधीतून आयटीआयच्या एकाही विद्यार्थ्याला मदत गेलेली नाही, हे खेदाने नमूद करतो.

तीन, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, विद्यावेतन देऊन. आपल्या समाजात छोटे-मोठे कारखानदार आहेत, मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला आपण त्यांच्याकडे जातोच, यंदा पावतीपुस्तकाबरोबर अप्रेंटिसची यादीही न्यावी. रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत तर दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. आयटीआय नसेल तर तो दरवाजा बंदच.

चार, मुलींसाठी फक्त मेंदी आणि ब्यूटीपार्लरचे वर्ग ठेवणे बंद करावे. वाइंडिंग, इलेक्ट्रॉनिक जोडणी, गुणवत्ता तपासणी, प्रयोगशाळा सहायक या कामांची चौकशी महिला शाखेने स्वतः कारखान्यात जाऊन करावी.

पाच, एका वर्षाने समारंभ करायचाच असेल तर प्रमाणपत्रे वाटू नयेत. सहा महिने एका जागी टिकून काम केलेल्या मुलांची पगारपत्रके व्यासपीठावर वाचावीत, आणि ज्यांना काम मिळाले नाही त्यांची संख्याही त्याच आवाजात वाचावी.

आणि राजकारण्यांबद्दल एक शब्द. निवडणूक जवळ आली की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या गणपतीच्या आरतीला येतात, दोन वाक्ये मोडक्या मराठीत बोलतात, महाराजांचे नाव घेतात आणि ‘रोजगार मेळावा’ भरवण्याचे आश्वासन देऊन जातात. या वेळी त्यांना प्रसाद जरूर द्यावा, पण दोन प्रश्नही विचारावेत. आपल्या भागातील आयटीआयमध्ये निदेशकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि मागच्या मेळाव्यात नाव नोंदवलेल्यांपैकी आज कितीजण कामावर आहेत? उत्तर नसेल तर त्यांनी पुढच्या आरतीला उत्तर घेऊन यावे.

पायऱ्यांवर भेटलेल्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावले. त्याच्या वडिलांचा अजून विरोध आहे, ‘‘ग्रॅज्युएट होऊन आयटीआयच्या बाकावर बसायचे का?’’ असे ते विचारतात. मी त्यांना इतकेच म्हणालो, ‘‘घरातल्या सोफ्यावर बसण्यापेक्षा तो बाक बरा.’’ त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. तेही सभेला येणार आहेत. आपणही या.

— एक निवृत्त कामगार सभासद, बडोदे