आरोग्यविचार : आपल्या पोटातील पट्टा कोणता?



आमच्या परिचयाच्या एक वयस्क भगिनी परवा चिंताक्रांत होऊन भेटल्या. वीस वर्षांपूर्वी वजन उतरविण्यासाठी त्यांनी जठराभोवती पट्टा बसवून घेतला होता. अलीकडे त्यांना जेवण उतरेना. डॉक्टरांनी विचारले, "तुमची तबाअत कोणत्या बनावटीची?" बाईंना उत्तर देता येईना. घर बदलताना कागदपत्रे गहाळ झाली होती.

येथे इस्रायलात ज्याला सर्वजण 'तबाअत', म्हणजे अंगठी, म्हणतात, तो सिलिकोनचा पट्टा जठराच्या वरच्या भागाभोवती बसवितात. त्यामुळे वर एक लहानशी पिशवी तयार होते व थोड्या अन्नाने तृप्ती वाटते. पट्ट्यापासून निघालेली नळी कातडीखालील बटणासारख्या पोर्टला जोडलेली असते. तेथे सुईने सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढले की सैल होतो.

अशा पट्ट्यांची दोन घराणी प्रसिद्ध आहेत. स्वीडनमध्ये हॉलबर्ग व फॉर्सेल यांनी १९८५ च्या सुमारास एक पट्टा प्रचारात आणला. तोच पुढे २००७ साली 'रिअलाइझ' या नावाने अमेरिकेत मान्य झाला. दुसरा 'लॅप-बँड'. त्याचे मूळ अमेरिकेतील शल्यविशारद कुझमाक यांच्या पट्ट्यात आहे. १९९३ साली बेल्जियममध्ये बेलाशू यांनी तो दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने प्रथम बसविला. अमेरिकेत त्यास २००१ साली मान्यता मिळाली.

दोहोंत भेद कोणता? जुना लॅप-बँड अरुंद. त्यात सुमारे ४ मिलिलिटर द्रव मावे व दाब अधिक पडे. स्वीडिश पट्टा रुंद व मऊ. त्यात सुमारे ९ मिलिलिटर मावे व दाब कमी राही. पुढे लॅप-बँडही रुंद झाला व त्याच्या नव्या आकारांत १० ते १४ मिलिलिटर मावू लागले. तुलनात्मक अभ्यासांत मात्र दोन्ही पट्ट्यांनी उतरणाऱ्या वजनात विशेष अंतर दिसले नाही. यश अवलंबून राहिले ते वेळोवेळी तपासणी व आहाराची शिस्त यांवर.

मग नाव ठाऊक असण्याचे महत्त्व काय? एका पट्ट्यास जे ५ मिलिलिटर सहज मानवेल, ते दुसऱ्याचा गळफास करील! शिवाय कालौघात पट्टे मागे पडले व जठराचा भाग कापून काढण्याची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया पुढे आली. रिअलाइझ आता बनत नाही. पट्ट्यांत हात बसलेले वैद्यही कमी होत चालले आहेत. पट्टे मात्र अनेकांच्या पोटात अद्याप आहेत.

पट्टा जागेवरून घसरू शकतो, जठराच्या भिंतीत रुतू शकतो, नळीही गळू शकते. वारंवार ओकारी, रात्री आडवे होताच खोकला, पाणीही न उतरणे, पोर्टच्या जागी लाली वा पू, ही लक्षणे "वयोमानाने होतेच" म्हणून अंगावर काढू नयेत. पाणीही उतरत नसेल किंवा पोटात एकाएकी तीव्र कळ आली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. गरोदरपणी पट्टा सैल करावा काय, हेही डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

आमची विनंती एवढीच. आजच कपाट उघडून ते जुने कार्ड शोधा. न सापडल्यास शस्त्रक्रिया झालेल्या इस्पितळातून नोंद मागवा. पट्ट्याचे नाव, आकार, वर्ष व शेवटी भरलेला द्रव ही माहिती एका कागदावर लिहून कुपत होलीमच्या कार्डासोबत ठेवा आणि मुलांनाही सांगून ठेवा. त्या भगिनींची नोंद अखेर मिळाली. पट्टा सैल केला आणि कित्येक दिवसांनी त्यांनी घरी पोटभर पेज घेतली.